सासुरवाडीचा मतदारसंघ

सासुरवाडी निवडताना माणूस मुलगी पाहतो, घराणे पाहतो, फार तर पाण्याची सोय पाहतो. मतदारसंघ कोणी पाहत नाही. मीही पाहिला नाही, आणि १९७७ साली सांगोल्याचा जावई झालो. पुढच्याच फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक लागली, तेव्हा आपण एका घरात नसून एका पक्षात पडलो आहोत हे ध्यानात आले.

सोलापूर जिल्ह्यातला हा दुष्काळी तालुका. खिलार बैल आणि डाळिंबे यांसाठी नावाजलेला. पावसासाठी मात्र कधीच नाही. आमचे मामा, म्हणजे सासरे, शेतकरी कामगार पक्षाचे. लाल बावट्याचे. भाई गणपतराव देशमुख त्यांचे दैवत. तालुका त्यांना आबा म्हणे. हे आबा १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले आणि मग १९७८, ८०, ८५, ९० असे येतच राहिले. आमदार असून एस.टी.ने फिरत. मामांच्या लेखी एस.टी.ला आमदारांची राखीव जागा असते ती केवळ आबांसाठी. बाकीचे आमदार मोटारीतून येतात ते ही जागा आबांना मोकळी मिळावी म्हणूनच!

या मतदारसंघात उमेदवार नसतात, नातेवाईक असतात. एका बाजूला आबा, दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. पुढे दीपकआबा साळुंखेही आले. परक्या माणसाला प्रचारसभा ऐकताना भाऊबंदकीचा दावा चालला आहे असेच वाटेल. मला स्वतःला तिथे सगळे ‘जावईबापू’ म्हणत. सुरुवातीला त्यात काही वावगे नव्हते.

१९९५ साली ते वावगे झाले. त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्रात काँग्रेसचे पानिपत झाले आणि युतीचे राज्य आले. सांगोल्यात मात्र नेमकी काँग्रेस निवडून आली. शहाजीबापूंनी आबांना पाडले. १९२ मतांनी! निकालानंतर आम्ही गेलो तेव्हा मामा ओसरीवर वही-पेन्सिल घेऊन बसलेले.

‘‘या पाव्हणं,’’ मामा म्हणाले. जावईबापू हा शब्द त्या घरातून कायमचा हद्दपार झाला होता.

‘‘एकशे ब्याण्णव म्हंजे काय हो? एका बारशाची पंगत!’’ मग त्यांनी वहीतले गणित दाखवले. १९२ चा फरक, म्हणजे सत्त्याण्णव माणसे जरी इकडची तिकडे झाली असती तरी आबा दोन मतांनी आले असते. ही सत्त्याण्णव फितूर माणसे हुडकण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. गल्लीतली अकरा सापडली होती. शेजारचा न्हावी संशयित होता. भावकीतल्या तिघांवर लाल फुल्या होत्या. यादी वाचता वाचता त्यांची नजर वहीवरून वर उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थांबली.

दारात मामी उभ्या होत्या. चहा घेऊन.

आमच्या मामींनी पहिले मत दिले ते १९६२ सालीच. तेव्हापासून एकही निवडणूक चुकवली नाही. पण कोणाला दिले हे कधी सांगितलेही नाही. मामांनी तेहतीस वर्षे ते गृहीत धरले होते, जसे संध्याकाळचे जेवण गृहीत धरतात. त्या दिवशी मात्र त्यांना प्रथमच शंका आली असावी, कारण त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, ‘‘तू तर न्हवंस ना गं त्यात?’’

‘‘चहा निवतोय,’’ मामी म्हणाल्या.

पेन्सिल बराच वेळ हवेत होती. मग मामांनी वही मिटली. अकरा जणांवर तपास थांबला आणि न्हाव्याची निर्दोष सुटका झाली. त्यानंतर एक फरक मात्र पडला. रात्री बातम्या संपल्या की मामा मामींना विचारू लागले, ‘‘तुला काय वाटतं?’’ आमची ही म्हणते, तोवरच्या संसारात असा प्रश्न तिने त्या घरात ऐकला नव्हता. मामी उत्तर देत, आणि मामा ऐकून घेत.

१९९९ ला आबा परत आले, मंत्रीही झाले. मग २००४, २००९, आणि २०१४ ला अकराव्यांदा, तेही एकाच मतदारसंघातून. तो विक्रम डोळे भरून पाहून मामा दोन वर्षांनी गेले. २०१९ ला वयामुळे आबा उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभा राहिला आणि आता शिवसेनेत गेलेल्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी पडला. मामांच्या वहीला तेवढी पाने पुरली नसती. ३० जुलै २०२१ ला आबाही गेले.

पुढच्याच वर्षी गुवाहाटीहून शहाजीबापूंचा फोन अख्ख्या महाराष्ट्राने ऐकला : काय झाडी, काय डोंगार, काय हाटील! लोक हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. जन्मभर बाभळी पाहिलेला सांगोल्याचा माणूस आसामची हिरवाई पाहून दुसरे काय म्हणणार? मामींनी तेवढे विचारले, ‘‘झाडं बघायला इतक्या लांब कशाला जायचं?’’

२०२४ च्या निवडणुकीत पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरबसल्या मतदानाची सोय होती. मामी अठ्ठ्याऐंशीच्या. कर्मचारी पुठ्ठ्याचा आडोसा, पाकिटे आणि चित्रीकरणवाला घेऊन घरी आले. मामींनी सगळ्यांकडे एकदा पाहिले. लेकीला अंगणात पाठवले, सुनेला परसात. मी जावई म्हणून खुर्चीत तसाच बसलो होतो.

‘‘पाव्हणं, तुमीबी.’’

मी उठलो. जाता जाता चित्रीकरणवाल्याला हुकूम सुटला, ‘‘ए पोरा, तुझं ते डबडं तिकडं फिरव.’’

त्या खेपेला आबांचे दुसरे नातू बाबासाहेब देशमुख चांगल्या मताधिक्याने आले. निकाल ऐकून मी धीर करून विचारले, ‘‘मामी, आता तरी सांगा. पंच्याण्णव साली काय केलं होतं?’’

मामींनी भिंतीवरच्या मामांच्या फोटोकडे पाहिले, पदर सारखा केला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, ‘‘हितं नगो.’’