नक्को

उर्दू शाळेत शिकवायला लागून बारा वर्षं झाली. मुलांनी "मेरेकू नक्को" म्हटलं की "मुझे नहीं चाहिए" असं पाच वेळा म्हणून घ्यायचं, ही माझी शिस्त.

मे महिन्यात एका लग्नाच्या निमित्तानं प्रथमच विजापूरला गेले. शहर पायी फिरण्याजोगं. पूर्वेला १६५६ सालचा गोल घुमट, पश्चिमेला इब्राहिम रोजा. मधे जामा मशीद, आसार महाल, बारा कमान. जाऊबाईंना घेऊन सकाळीच निघाले. गल्ली चुकली तरी पुढे एखादी जुनी कमान, एखादी मजार भेटायचीच. बारा कमान अर्धवटच राहिली. दुसऱ्या अली आदिलशहाच्या कबरीवर आजही छत नाही, आभाळच आहे.

दुपारी रोज्याकडे वळलो, तर काकडी विकणारी म्हातारी म्हणाली, "अब्बी नक्को जाव बेटी, धूप लई है."

सवयीनं मी तिचं वाक्य मनातल्या मनात दुरुस्त केलं आणि ओशाळले. समोरच्या रोज्यात दुसरा इब्राहिम आदिलशहा झोपला होता. 'किताब-ए-नवरस' त्यानं दखनीतच लिहिली. 'नक्को', 'लई' हे मराठीनं दखनीला दिलेले शब्द. माझ्या अम्मीच्या तोंडातले. बी.एड. करूनही मी त्यांना चुकाच समजत आले.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच तासाला एक पोरगी म्हणाली, "टीचर, आज इम्ला नक्को." वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मी फळ्यावर "नहीं चाहिए" लिहिलं. शेजारी "नक्को" लिहिलं. दोन्ही वाचून घेतले. या वेळी खोडलं काहीच नाही.