बेतणारे हात

चित्रपट संपला, की पडद्यावर नावांची लांबच लांब यादी सरकू लागते आणि प्रेक्षक चपला शोधू लागतात. ॲनिमेशनपटाच्या त्या यादीत 'स्टोरी आर्टिस्ट' म्हणून काही नावे असतात. ही माणसे करतात तरी काय? या कुतूहलातून मला ब्रेंडा चॅपमन भेटल्या.

ॲनिमेशनपटात नट नाहीत, नेपथ्य नाही. सारा चित्रपट आधी कागदावरच पाहावा लागतो. एकेका प्रसंगाची छोटी छोटी चित्रे काढून ती फळ्यावर ओळीने टाचतात. हाच स्टोरीबोर्ड. मग चित्रकार सर्वांपुढे उभा राहून ती गोष्ट सांगतो. रंगली नाही, तर चित्रे उतरतात. पुन्हा नवी काढायची. अखेर पडद्यावर त्यांतली एकही रेघ दिसत नाही. माझी आई ब्लाउज शिवते. आधी ती कापडावर खडूने बेतते. शिवून झाले, की खडू झटकला जातो. पण ब्लाउज अंगाला बसतो, तो त्या रेघांमुळेच!

चॅपमनबाईंचा जन्म १९६२ चा, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातला. शिक्षण संपवून त्या डिस्नेत आल्या. 'ब्यूटी अँड द बीस्ट' (१९९१) मध्ये बेल जखमी पशूला मलमपट्टी करते आणि दोघे भांडतात, तो प्रसंग त्यांनी रेखाटलेला. 'द लायन किंग'च्या (१९९४) वेळी त्या कथाविभागाच्या प्रमुख होत्या. 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' (१९९८) त्यांनी दोघा सहकाऱ्यांसह दिग्दर्शित केला. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओच्या ॲनिमेशनपटावर दिग्दर्शक म्हणून स्त्रीचे नाव येण्याची ती पहिलीच वेळ.

पुढे पिक्सारमध्ये त्यांनी 'ब्रेव्ह' हाती घेतला. स्वतःच्या हट्टी लेकीशी होणाऱ्या खटक्यांतून ही कथा त्यांना सुचली. स्कॉटलंडची राजकन्या मेरिडा आणि तिला वळण लावू पाहणारी राणी. मुलीच्या हट्टापायी राणी अस्वल बनते, तिची वाचा जाते. आणि मग त्या मुक्या आईला मुलीने समजून घ्यायचे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. आईच्या गप्प बसण्याचा अर्थ मला दर वेळी लागतोच असे नाही. त्यामुळे ही गोष्ट मला परदेशातली वाटलीच नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट २०१० मध्ये चॅपमनबाईंच्या हातून गेली. मतभेद झाले आणि मार्क अँड्र्यूज यांच्याकडे दिग्दर्शन सोपवले गेले. आपल्या लेकीची कथा दुसऱ्याने पुरी करायची! चित्रे उतरवली, तर निमूटपणे नवी काढावीत, हा त्या धंद्याचा नियमच. पण इथे कथाच काढून घेतलेली. बाई निमूट राहिल्या नाहीत. चित्रपट २०१२ मध्ये आला, त्याच वर्षी त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून हे दुःख उघडपणे मांडले. मात्र अखेर चित्रपटात आपलीच दृष्टी उतरली, हेही सांगितले. दिग्दर्शक म्हणून पडद्यावर दोघांची नावे राहिली. २०१३ चे ऑस्कर दोघांनी मिळून स्वीकारले, तेव्हा व्यासपीठावरून त्यांनी आभार मानले ते त्या लेकीचे. पुढे 'कम अवे' (२०२०) हा नटनट्यांचा चित्रपटही त्यांनी केला.

मला वाटते, रेघ पुसली गेली तर खंत नसावी. ती त्यासाठीच असते. बेतणारा हात मात्र पुसला जाऊ नये. आईने शिवलेल्या एकाही ब्लाउजवर तिचे नाव नाही. ते निदान या पानावर तरी असावे, म्हणून सांगते: तिचे नाव सुमन.