छोट्या कॅमेऱ्यातील सांधा

यंत्ररचनेच्या धंद्यात उमर घालविलेल्या माणसाच्या हाती एखादे नवे उपकरण आले, की ते काय करते यापेक्षा ते कोठे उघडते हे पाहण्याची त्याला खोड जडते; आणि ज्याचे भाग मालकाने स्वतःच्या हाताने सोडवावेत व जोडावेत अशी मुभा रचनाकाराने आधीच देऊन ठेवलेली असते, अशा उपकरणाविषयी तर ही खोड विकाराला पोचते. सुट्या भागांचा लहान डिजिटल कॅमेरा हे या जातीचे उपकरण होय. कॅमेरा लहान करावयाचा तर लेन्स, शटर, सेन्सर, प्रोसेसर ही सारी मंडळी एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसविली पाहिजेत. तो बदलता करावयाचा तर जेथे जेथे सांधा येईल तेथे तेथे भिंत, खिट्टी आणि विजेचे संपर्कबिंदू यांच्यासाठी जागा सोडली पाहिजे. या दोन मागण्यांचे जन्माचे वैर असल्यामुळे सांधे थोडेच परवडतात, आणि जो एक परवडतो तो कोठे घालावा, यावर कॅमेऱ्याचे पुढील सारे आयुष्य अवलंबून राहते.

या मामल्याचा पहिला मोठा निकाल जर्मनीतील वेट्झलार येथे लागला. ऑस्कर बार्नाक यांचा लायका १९२५ साली बाजारात आला तेव्हा त्याची लेन्स अंगचीच होती. १९३० साली ती आट्यांची झाली खरी. परंतु प्रत्येक लेन्स कारखान्यातच तिच्या तिच्या कॅमेऱ्याशी जुळवून दिलेली असे आणि त्या कॅमेऱ्याच्या क्रमांकाचे अखेरचे अंक तिच्यावर कोरलेले असत, म्हणजे शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यावर ती बसली तरी चालेल याची हमी नव्हती. भाग सुटा होतो एवढ्याने तो बदलता होत नाही. १९३१ साली लेन्सची बैठक आणि फिल्म यांमधील अंतर २८.८ मिलिमीटर असे कायम ठरवून टाकण्यात आले, आणि ज्या कॅमेऱ्यांनी हा नियम पाळला त्यांच्या बैठकीवर शून्याची खूण उमटली. ती खूण माझ्या मते सनदेहून कमी योग्यतेची नाही. पुढे १९५४ साली लायकाच्याच एम-३ या कॅमेऱ्यासाठी नवी फिरकीची बैठक काढताना हेच अंतर २७.८ मिलिमीटर ठेवण्यात आले. बरोबर एक मिलिमीटर कमी. म्हणजे तेवढ्याच जाडीची एक कडी मध्ये घातली की जुन्या आट्यांच्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यावर रुजू.

हे अंतर इतक्या कसोशीने का सांभाळावयाचे, याचा हिशेब साधा आहे. २ छिद्रांकाच्या लेन्सची प्रतिमा सेन्सरच्या पुढेमागे सुमारे ०.०४ मिलिमीटरपर्यंत सरकली तर डोळा ती खपवून घेतो, पुढे घेत नाही. आणि एवढ्या तुटपुंज्या रकमेतून बैठकीची कडी, कॅमेऱ्याचा सांगाडा, सेन्सरची पट्टी आणि लेन्सची नळी या चौघांचे टॉलरन्स भागवावयाचे असतात.

आरशाच्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरशाला हलण्यापुरती जागा सोडणे भाग असे. निकॉनच्या १९५९ सालच्या एफ बैठकीत ही जागा ४६.५ मिलिमीटर होती. डिजिटल युगात मागच्या पडद्यावरच चित्र दिसू लागल्यावर आरशाची चाकरी संपली. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक यांनी २००८ साली मायक्रो फोर थर्ड्स ही पद्धती जाहीर करून आपल्या आधीच्या आरशाच्या पद्धतीतील ३८.६७ मिलिमीटरचे अंतर १९.२५ वर आणले, आणि कॅमेरा जवळजवळ खिशाच्या हद्दीत आला. मात्र लेन्स जवळ आली की कडेचे किरण तिरपे पडू लागतात, आणि फिल्मला नसलेले तिरप्या किरणांचे वावडे सेन्सरला असते. लायकाने २००६ साली एम-८ मध्ये या तिरपेपणावर उपाय म्हणून सेन्सरपुढची काच पातळ ठेवली, तर अवरक्त प्रकाश आत शिरून काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले, व कंपनीला ग्राहकांना फिल्टर पुरविण्याची तजवीज करावी लागली.

या पार्श्वभूमीवर जपानच्या रिको कंपनीने नोव्हेंबर २००९ मध्ये जाहीर केलेल्या जीएक्सआर या कॅमेऱ्याकडे पाहिले म्हणजे त्याच्या रचनाकारांच्या धाडसाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्यांनी सांधा लेन्सच्या मागे न ठेवता सेन्सरच्याही मागे नेला. लेन्स, सेन्सर आणि प्रतिमेवर संस्कार करणारी मंडले ही सारी एका बंद डबीत. पडदा, बॅटरी, कार्ड, फ्लॅश आणि बटणे तेवढी कॅमेऱ्यात. आणि डबी बाजूने सरकवून खट्‌कन बसवावयाची. ५० मिलिमीटरच्या मॅक्रो डबीत २३.६ गुणिले १५.७ मिलिमीटरचा मोठा सेन्सर, तर २४ ते ७२ मिलिमीटरच्या झूम डबीत लहान. प्रत्येक लेन्सला तिच्या अंगाजोगा सेन्सर मिळालेला. वर सांगितलेला टॉलरन्सचा तंटा कारखान्यातच मिटला, कारण ग्राहक जो सांधा उघडतो त्यातून आता प्रकाश जातच नव्हता, केवळ वीज जात होती. तिरप्या किरणांचा बंदोबस्त लेन्सपरत्वे करता येत होता. सेन्सरवर धूळ बसण्याचा प्रश्नही मिटला. शुद्ध प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने मला यात बोट ठेवण्याजोगे काही सापडत नाही.

चूक होती ती आयुर्मानाच्या हिशेबात. चांगली लेन्स पन्नास वर्षे काम देते. सेन्सरला चार-सहा वर्षांत म्हातारपण येते. आणि रिकोने या दोघांना एका जुवाला जुंपले, ते जू ग्राहकाला सोडता येणार नाही अशा रीतीने. सेन्सर मागे पडला की त्याच्याबरोबर निर्दोष लेन्सही बाद, आणि नवी डबी घ्यावयाची तर काचेची किंमत पुन्हा मोजावयाची. गंमत अशी, की या कॅमेऱ्याची जी डबी रसिकांनी डोक्यावर घेतली, ती २०११ सालची लेन्स नसलेली डबी: आत सेन्सर व शटर, आणि तोंडाशी लायकाची २७.८ मिलिमीटरची बैठक! ज्या तत्त्वावर यंत्र उभारले त्याच तत्त्वाला फाटा देणारी ही डबी. आणि एका कडीच्या मदतीने तिच्यावर १९३१ सालची लेन्सही चढू शकत होती. २०१३ साली रिकोने तेवढाच मोठा सेन्सर घालून जीआर हा कॅमेरा काढला, त्यात लेन्स अंगचीच होती. सुट्या डब्यांची ती वाट पुढे फारशी कोणी चोखाळली नाही.

सांधा हवा तर मधल्या सांगाड्याच्या पुढेही हवा आणि मागेही, हे स्वीडनच्या हॅसलब्लाडने वेगळ्या मार्गाने सिद्ध केले. १९५७ सालच्या ५००-सी मध्ये शटर लेन्सबरोबर, फिल्म मागच्या पेटीत, आणि मधला सांगाडा जवळजवळ रिकामा. त्यामुळे २०१९ साली याच कंपनीने जाहीर केलेली ५ कोटी ठिपक्यांची डिजिटल पेटी त्या जुन्या सांगाड्याला लागते. जो भाग लवकर म्हातारा होतो तो एकट्यानेच निवृत्त व्हावा, ही व्यवस्था फिल्मच्या काळात नकळत झाली असली तरी ती मला अभिकल्पाचा आदर्श वाटते. अर्थात हे यंत्र खिशात मावत नाही, हेही कबूल केले पाहिजे.

आजच्या लहान कॅमेऱ्यांना धोका आहे तो धातूच्या सांध्यातून नव्हे. लेन्स आणि कॅमेरा यांच्यात संपर्कबिंदूंवरून जो संवाद चालतो, ज्याच्या हुकुमाने छिद्र मिटते आणि फोकस फिरतो, तो बहुधा कंपनीच्या खाजगी मालकीचा असतो. बैठकीचे माप कोणीही मायक्रोमीटर लावून काढील. मात्र हा संवाद बंद पडला तर हाताने फिरविण्याची कडीच नसलेली लेन्स निव्वळ काच होऊन बसते.

म्हणून वाचकांना एकच विनंती. घरात वडिलांची आट्यांची किंवा फिरकीची लेन्स पडून असेल, तर तिचा कॅमेरा बिघडला या सबबीवर ती भंगारात घालू नका. दोन्ही बाजूंना टोपणे लावा, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी ती चामड्याच्या दमट पेटीतून काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. कारण चांगल्या काचेचा खरा शत्रू काळ नव्हे, बुरशी आहे, आणि एकदा तिने काचेवरचा लेप खाल्ला की कोणत्याही नव्या सेन्सरला तो परत आणता येत नाही.