बीदरच्या बादशहाची वाट

बीदर हे नाव मराठी घरात प्रथम ऐकू येते ते दामाजीपंतांच्या कथेत. मंगळवेढ्यास दुष्काळ पडला. ठाणेदार दामाजीपंतांनी बादशाही कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. त्यांना धरून आणण्याचा हुकूम बीदरहून सुटला. आणि पंत वाटेत असतानाच पंढरीचा राणा विठू महाराच्या वेषात बीदरच्या दरबारी जाऊन धान्याची पै न पै भरून पावती घेता झाला. इंदूर, बडोदे, तंजावर येथे आजीच्या तोंडून ही कथा ऐकलेल्या वाचकांना बीदर हे लंका-द्वारकेसारखे कथेतलेच गाव वाटत असल्यास नवल नाही. आम्ही मात्र त्या गावापासून मोटारसायकलने तासाभराच्या अंतरावर, भालकी तालुक्यातील एका सरकारी मराठी शाळेत मुख्याध्यापक आहोत. गेल्या वर्षी सातवीच्या वर्गात आम्ही सहज विचारले, "दामाजीपंत कोण?" एकही हात वर झाला नाही. बीदरचा किल्ला मात्र बहुतेकांनी पाहिला होता. त्यानंतरच्या दसऱ्याच्या सुटीत आम्ही जी फेरी केली, तिची हकीकत येथे देत आहोत.

सोबतीला शेजारच्या शाळेतील कानडीचे शिक्षक होते. त्यांना आम्ही 'गुरुजी' म्हणतो, ते आम्हांस 'सर' म्हणतात. मराठी त्यांची घरची नव्हे, बाजारची. पण बाजार भालकीचा असल्यामुळे ती आमच्याइतकीच पक्की. दोघांच्या दोन मोटारसायकली, मागे बांधलेले एक एक गाठोडे, आणि पत्नीने दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी व शेंगांची चटणी, एवढा सरंजाम.

या मुलखाचा थोडा पूर्ववृत्तान्त सांगणे अवश्य आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले. सोयरिकी मात्र कोणी वाटल्या नाहीत. आमच्या गावच्या निम्म्या सुनांचे माहेर उदगीरकडे आहे आणि पोळ्याला बैलांची झूल अजून तिकडूनच येते.

बीदर शहर जांभ्या दगडाच्या उंच माळावर वसले आहे. सह्याद्रीचे घाट पाहिलेल्या माणसाला इकडच्या चढउतारांना घाट म्हणताना हसू येईल. पण काळ्या रानातून निघालेला रस्ता वळणे घेत चढू लागला आणि माती एकाएकी विटकरी झाली, की बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात गुलबर्गा सोडून राजधानी येथे का आणली ते आपोआप कळते. वारा मोकळा, आणि शत्रू दोन कोसांवरून दिसणारा!

किल्ल्यातील रंगीन महालात काळ्या दगडात शिंपले जडवलेले आहेत; तेथे लोक फार वेळ थांबतात. आम्ही थांबलो ते दिवाण-इ-आमच्या चौथऱ्यावर. छत गेले आहे. खांबांच्या बैठका तेवढ्या राहिल्या आहेत. विठू महार आला असेल तर असल्याच एखाद्या दरबारी. शिवाय तो एकटाच नव्हे. पुढे बरीदशाहीत, दुष्काळामुळे सारा थकला म्हणून नारायणपेठच्या देशपांड्यांचा मुलगा बीदरला ओलीस ठेवला गेला. मुदतीच्या अखेरच्या दिवशी 'दत्ताजी पाडेवार' नावाचा कोणी सेवक रक्कम भरून त्याला सोडवून गेला. तो मुलगा म्हणजे पुढे आंबेजोगाईस राहून चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत. भक्तांचे देणे फेडण्यासाठी देव दोनदा एकाच खजिन्यावर आल्याचे दुसरे उदाहरण आमच्या तरी वाचनात नाही.

गुरुजींनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "सर, दोनदा पैशे भरले तर पावती कुठं हाय?"

"दामाजीपंतांच्या पोथीत," आम्ही म्हणालो. कथेत खरोखरच तसे आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या मनाला लागली. किल्ल्यात आम्ही पाहिलेल्या फलकांवर सुलतानांची नावे होती, इमारतींची मापे होती. दामाजींचा उल्लेख कोठेही नव्हता. पुरातत्त्व खात्याला त्याबद्दल दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. दंतकथेचा पुरावा दगडात सापडत नाही. ती सांगणारे लोक गावात असावे लागतात.

शहरातील महमूद गवानाचा मदरसा मुख्याध्यापकाने पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. इराणातील गिलानहून आलेल्या या वजिराने १४७२ मध्ये ही तीन मजली पाठशाळा बांधली. दोन मिनारांपैकी एकच उरला आहे. भिंतीवरील निळ्या-हिरव्या फरशीचे तुकडे अजून उन्हात चमकतात. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे सुलतानाने या माणसाचा शिरच्छेद करविला. खोल्यांची रचना आम्ही व्यवसायबुद्धीने पाहिली. प्रत्येक खोलीत उजेड आहे आणि वारा आहे. आमच्या शाळेच्या दोन वर्गांविषयी तेवढे म्हणता येत नाही.

बीदरहून हुमनाबादचा रस्ता माळ उतरून पुन्हा काळ्या जमिनीत येतो. सोयाबीनची मळणी चालू होती. कडेच्या निम्म्या डांबरावर शेतकऱ्यांनी शेंगा वाळत घातल्या होत्या. त्यांवरून चाक गेले की बर्फावरून गेल्यासारखे घसरते, म्हणून दुचाकीवाल्याने येथे डोळ्यांत तेल घालून चालावे. हुमनाबादलगतच माणिकनगर. माणिकप्रभूंचा जन्म १८१७ चा, समाधी १८६५ ची. त्यांनी पदे रचली ती मराठीत, कानडीत आणि हिंदीतही. त्यांच्या पंथाचे नावच सकलमत. आम्ही प्रसादाला बसलो तेव्हा वाढणारा मनुष्य एका पंगतीला मराठीत आग्रह करीत होता आणि समोरच्या पंगतीला कानडीत; आपण भाषा बदलतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हते.

पुणे-हैदराबाद महामार्गाने सस्तापूर बंगल्यापर्यंत जाऊन आत वळले की बसवकल्याण. येथे गुरुजींचा पावलांचा वेग बदलला. अकराव्या शतकाच्या मध्यास चालुक्यांनी राजधानी मान्यखेटाहून येथे आणली, आणि बाराव्या शतकात कलचुरी बिज्जलाच्या राज्यात बसवेश्वरांनी येथेच शरणांना एकत्र केले. हरळय्या चांभाराचा मुलगा आणि मधुवरस ब्राह्मणाची मुलगी यांचा विवाह शरणांनी घडवून आणला, त्याची शिक्षा म्हणून दोन्ही बापांचे प्राण घेतले गेले, आणि कल्याण पेटले. हे सांगताना गुरुजींचा आवाज घोगरा झाला. त्यांच्या लेखी ही आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट नव्हती. नव्या अनुभव मंटपाची पायाभरणी २०२१ च्या जानेवारीत झाली. बसवेश्वरांचा १०८ फुटी पुतळा दुरूनच दिसतो. त्रिपुरांत तळ्याच्या काठी मात्र कोणी नव्हते. तेथे बसून आम्ही शिदोरी सोडली. एका खाणावळीतून बांधून घेतलेल्या अंबाडीच्या भाजीला गुरुजी 'पुंडीपल्ले' म्हणत होते.

जेवताना वाद झाला. गुरुजी म्हणाले, नवव्या शतकातील 'कविराजमार्ग' हा ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचे सांगतो. "म्हणजे पैठणपर्यंत आमचंच की, सर!" आम्हीही कच्च्या गुरूचे चेले नव्हतो. ११२९ मध्ये याच कल्याणात राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्या पूर्वी दीडशेहून अधिक वर्षे मराठी ओवीची दखल घेतली गेली, ती कानडी राजाच्या राजधानीत! गुरुजींना ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी ग्रंथाचे नाव वहीत लिहून घेतले, आणि मग शांतपणे म्हणाले, "मग तुमच्या ओवीची पावती आमच्याकडं हाय म्हणा की." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

मुक्काम कल्याणात करून दुसऱ्या दिवशी हुमनाबादवरून दक्षिणेस निघालो. या सबंध फेरीत डोंगरी म्हणावा असा रस्ता हाच. कमलापूरच्या अलीकडे टेकड्या जवळ येतात, वळणे आवळतात, आणि उसाने भरलेली मालमोटार समोरून आली की दुचाकी बाजूला घेऊन उभे राहण्यातच शहाणपण असते. कमलापूरला तांबड्या सालीची केळी मिळतात. साधारण केळ्याहून महाग, पण गोडी निराळीच. पुढे सपाटी लागते आणि नजर पोहोचेल तेथवर तूर. फुले नुकती येऊ लागली होती. कलबुर्गीच्या तूरडाळीची कीर्ती वाचकांच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचलेलीच आहे.

कलबुर्गीचे गुलबर्गा हे नाव २०१४ मध्ये अधिकृतपणे बदलले. किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद पाहण्यासारखी आहे. इतर मशिदींप्रमाणे तिला मोकळे अंगण नाही, सर्व प्रांगण घुमटांखाली झाकलेले आहे. भर दुपारी त्या कमानींखालून चालताना गारवा लागतो. बंदेनवाजांचा दर्गा आणि शरणबसवेश्वरांचे मंदिर यांचे बाहेरूनच दर्शन घेऊन चौडापूरमार्गे गाणगापूर गाठले.

'गुरुचरित्रा'चे पारायण करणाऱ्यांना आता आमच्या लेखाच्या नावाचा उलगडा झाला असेल. त्या ग्रंथात वैदुरानगरीचा, म्हणजे बीदरचा, मुसलमान राजा मांडीला झालेल्या फोडाने हैराण होऊन गाणगापुरास नृसिंहसरस्वतींकडे येतो. पूर्वजन्मी तो कुरवपूरचा परीट होता; गुरूला पाहताच त्याला ते आठवते, आणि फोड नाहीसा होतो. मग गुरूही त्याच्या नगरीस जातात. बीदरच्या पापविनाशी तीर्थावर त्यांचा मुक्काम झाल्याचे ग्रंथात आहे. सध्याच्या रस्त्याने हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास भरते. दोन कथांत देव बीदरच्या दारी गेला. तिसरीत बादशहा बाहेर पडला. ही तिसरी आम्हांस अधिक आवडते.

भीमा-अमरजेच्या संगमावर औदुंबराखाली पारायणाला बसलेली बहुतेक मंडळी मराठी होती. पुजारी त्यांच्याशी मराठीत आणि आपसांत कानडीत बोलत होते. ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर हा स्वतः कानडी घरचा. आपल्याला महाराष्ट्रभाषा येत नाही असे तो आरंभीच सांगून टाकतो. तरीही गेली काही शतके मराठी घरे आठवडाभर सोवळ्यात बसून वाचतात ते त्याचेच पुस्तक. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते मोठ्याने हसले. शेजारच्या पारायणकर्त्याने डोळे वटारले.

आम्ही बादशहाचा अध्याय त्यांना वाचून दाखविला. अर्थ कानडीत सांगताना दोन ठिकाणी अडलो. तेथे मागे उभ्या असलेल्या पुजाऱ्यानेच शब्द पुरविला.

परतताना चौडापूरच्या चहाच्या टपरीवर ठरले की, सहामाही परीक्षेनंतर दोन्ही शाळांच्या मुलांना एकाच बसने ही फेरी घडवायची. खर्च निम्मा निम्मा, परवानगीचे अर्ज दोन. दामाजीची कथा किल्ल्यात आम्ही सांगावी, हरळय्याची कल्याणात गुरुजींनी. प्रथम कोठे जायचे यावर मात्र अजून एकमत झालेले नाही. ते म्हणतात कल्याण. आम्ही म्हणतो बीदर. बसवाल्याला विचारले, तर तो म्हणतो, डिझेलच्या हिशेबाने माणिकनगर आधी बरे पडेल.