मांजर शोधताना

मांजर पाळणाऱ्या घरात कधी ना कधी असा दिवस येतोच, की संध्याकाळी दुधाची वाटी भरलेली तशीच राहते. आमच्याकडे तो जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे गाव मे महिन्यात भरलेले असते. मुंबईकर येतात, आखातातली माणसे रजेवर येतात. पाऊस तोंडावर आला, शाळा उघडायच्या झाल्या, की मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांना पुन्हा कुलपे लागतात. त्याच गडबडीत आमची गुड्डी दिसेनाशी झाली.

माझी धाकटी मुलगी नऊ वर्षांची. ती त्या रात्री जेवली नाही. मुलांच्या दादी, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला म्हणाल्या, "रडून मांजर मिळत नाही. बॅटरी घे आणि चल."

दादींनी आयुष्यभर मांजरे सांभाळली आहेत. घाबरलेली मांजर लांब जात नाही, जवळच कुठेतरी दबून बसते आणि घरच्या माणसाने हाक मारली तरी ओ देत नाही, असे त्या सांगतात. म्हणून ओरडत फिरण्यापेक्षा वाकून पाहायचे. इशानंतर आम्ही लाकडांची रास, गोठा, न्हाणीघर आणि पडवीवरचा माळा बघितला. अंधारात उजेड पडला की मांजरीचे डोळे चमकतात, त्यामुळे दिवसा न दिसणारी मांजर रात्री सापडू शकते. विहिरीतही बॅटरी मारली. तेवढा वेळ मुलीला मी माझ्या मागे उभे केले. दोन सुके बोंबील निखाऱ्यावर भाजून मागच्या दारात ठेवले. सकाळी ते संपले होते, पण शेजारी एक काळा बोका मिशा चाटत बसला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दारोदार फिरलो. "खाला, आमची पिवळी मांजर दिसली का?"

"ती? ती तर आमची सोनी. मी मासळी साफ करायला बसले की येतेच."

पुढच्या घरात ती राणी होती, त्यापुढच्या घरात नुसतीच मनी. एकाच मांजरीची चार घरांत चार नावे! ह. अबू कतादा (रजि.) यांची गोष्ट मला आठवली. वुजूचे पाणी प्यायला मांजर आली, तेव्हा त्यांनी भांडे तिच्यासाठी तिरके धरले. सुनेला नवल वाटले, तेव्हा त्यांनी प्रेषित (स.) यांची शिकवण तिला सांगितली. मांजर नापाक नाही, ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. आमची गुड्डी साऱ्या मोहल्ल्याभोवती वावरत होती.

मुलांना वाटले, मशिदीच्या माइकवरून सांगितले तर काम होईल. मौलानांनी त्यांना जवळ घेऊन समजावले की हरवलेल्या वस्तूची पुकार मशिदीत करायला हदीसमध्ये मनाई आहे, मशिदी त्यासाठी बांधलेल्या नाहीत. पण असरनंतर ते स्वतः बाहेर रस्त्यावर थांबले आणि निघणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, "घरी गेल्यावर खोल्या उघडून बघा."

त्या रात्री पहिला पाऊस आला. कौलांवर एवढा आवाज की दुसरे काही ऐकू येईना. पहाटे तो थांबला. दादी फज्रच्या वुजूला उठल्या होत्या. गावात अजून सगळे शांत होते आणि त्यांना अगदी बारीक आवाज आला. तो बांधापलीकडच्या कुलूपबंद घरातून येत होता.

ते घर माझ्या चुलत सासूबाईंचे. मधे एक बांध आणि वाटणीवरून बारा वर्षांचा अबोला. त्या दोन दिवसांपूर्वीच मुंबईला गेल्या होत्या.

माझे पती म्हणाले, "अम्मी, चार कौले काढतो आणि उतरतो."

"परवानगीशिवाय दुसऱ्याच्या घरात पाय टाकायचा नाही," दादी म्हणाल्या. मग थोडा वेळ त्या गप्प बसल्या. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवली, खायला दिले नाही, बाहेर जाऊन पोट भरू दिले नाही आणि त्यापायी ती जहन्नमची धनी झाली, ही हदीस त्यांनीच आम्हाला कितीदा सांगितलेली. इथे कोंडणारीला पत्ताही नव्हता. पत्ता होता तो आम्हाला.

त्यांनी नातीकडून फोन लावून घेतला. "सलाम. मी बोलतेय. तुझ्या घरात आमची मांजर अडकलीय."

पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग आम्हा सगळ्यांना ऐकू आले, "या अल्लाह! भाबी, चावी इथे माझ्याकडे आहे. कौले काढायला सांगा. वाट कसली बघता?"

गुड्डी भाताच्या कणगीमागे सापडली. आवाज बसलेला, पोट खपाटीला गेलेले. दादींनी आधी थोडे थोडे पाणी पाजले, नंतर पेज दिली. उपाशी जिवाला एकदम पोटभर द्यायचे नसते. संध्याकाळी मुंबईहून फोन आला, "खाल्ले का तिने?"

वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कागद जिथे होते तिथेच आहेत. पण आता बांधावरून सलाम होतो.

गावचे घर बंद करताना आपण गॅस, नळ, दिवे पाहतो. तसे माळ्यावर, पलंगाखाली, धान्याच्या खोलीतही पाहावे. हाक मारावी आणि दोन मिनिटे गप्प उभे राहून ऐकावे. एक चावी मोहल्ल्यात कोणाकडे तरी ठेवून जावे. यंदा चुलत सासूबाईंची चावी आमच्या खुंटीला आहे.