तटाआडचे शेजारी

सहल म्हणजे दूरदेशीच जावे, असे नाही. एखाद्या जाणत्या शिक्षकाला वाटाड्या करावे आणि निपाणीहून मुलांसह बेळगावकडे निघावे. तंबाखूची शेते मागे पडली की तवंदीच्या घाटात स्तवनिधीचे जैन क्षेत्र लागते.

बेळगावच्या किल्ल्यात रट्टांच्या काळातील, १२०४ सालची कमल बस्ती आहे. तिच्या छतातील दगडी कमळ मान उंचावून पाहतच राहावे. त्याच तटाच्या आत साफा मशीद आहे आणि रामकृष्ण आश्रमही आहे. बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९५३ साली झाली. कॅम्पातील फातिमा मातेच्या कथीड्रलमध्ये प्रार्थना करून मग येळ्ळूरची वाट धरावी. राजहंसगडावर सिद्धेश्वराचे देऊळ असून, खाली बासमतीसाठी नावाजलेली भातशेते पसरलेली दिसतात.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून या मुलखात भाषेचा वाद धुमसतो आहे. मोठ्यांचा हा कडवटपणा मुलांच्या मनात सहज उतरतो. म्हणून वाटाड्याने केवळ राजांची नावे सांगू नयेत. कानडी शेजाऱ्याची ओळखही करून द्यावी. शेजाऱ्याच्या देवस्थानी आदराने उभे राहण्यास शिकलेले मूल शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा अधिक चांगली समजेल.