अकरा महिन्यांचें घर

मी भिवंडीस राहतों असें सांगितलें कीं ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर प्रथम सहानुभूति उमटते. आणि मग भाड्याचा आंकडा सांगितला कीं त्याच सहानुभूतीचा हेवा होतो. ठाण्यास ज्या पैशांत मला फार तर एखादी मोरी मिळाली असती, तेवढ्यांत कामतघरांत दोन खोल्या, एक अरुंद सज्जा आणि वऱ्हाळ तलावावरून येणारा वारा, एवढें सगळें माझें झालें. माझें म्हणजे अर्थात् अकरा महिन्यांपुरतें.

हा अकराचा आंकडा कोणा ज्योतिषानें काढलेला नाहीं. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनीं वर्षांतला एक महिना चोरला. पुढें महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे-नियंत्रण कायद्यानें मुदत कितीहि असो, करार लेखी आणि नोंदविलेलाच असला पाहिजे असें ठरविलें. तरी तो चोरलेला महिना अद्याप कोणीं परत केलेला नाहीं!

घर मागांच्या वर होतें. तळमजल्यावर यंत्रमागांची शेड, वरच्या मजल्यावर आम्ही. भिवंडींत यांत नवल कांहींच नाहीं. माग या गांवांत पूर्वीपासून होतेच. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहींत, तिकडचें पुष्कळसें काम यंत्रमागांकडे आलें, आणि येथें जागा मिळेल तेथें माग बसले. पहिल्या रात्रीं त्या खडखडाटानें मला झोंप आली नाहीं. महिन्याभरानें मात्र असें झालें कीं शुक्रवारीं माग थांबले म्हणजे जाग यावी.

पण मला सांगायचें आहे तें भेगेविषयीं. घर पाहावयास गेलों तेव्हां मागच्या भिंतींत छतापासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी भेग दिसली. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे याच शहरांत पटेल कंपाउंडमधील तीन मजली इमारत कोसळून जवळजवळ चाळीस माणसें गेलीं, त्याला तेव्हां वर्षहि झालें नव्हतें. भेग पाहून एखाद्या शहाण्या माणसानें पाय मागें घेतला असता. मीं बोट पुढें केलें.

"शेठ, ही भेग पाहिलीत?"

"वरच्या गिलाव्याची आहे, मास्तर. बरं, पांचशें कमी द्या."

साडेसहाचे सहा हजार झाले. घरीं येऊन मीं पत्नीला मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं भेग भिंतीला पडली खरी, पण ती आपल्या पथ्यावर पडली. ती हंसली नाहीं. तिनें पलंग दुसऱ्या भिंतीकडे सरकवून घेतला.

शेडमधले कामगार बहुतेक उत्तरेकडचे. मागामागच्या एका खोलींत ते पाळीपाळीनें निजत. दिवसपाळीचा उठला कीं रातपाळीचा त्याच अंथरुणावर पडे. जेवण जवळच्या भिशींत. हें सारें मला सज्ज्यांतून दिसत असे, आणि त्यांची खोली नेमकी आमच्या भेगेच्या भिंतीखालीं आहे हेंहि दिसत असे. दिसणें आणि लक्षांत येणें यांत मनुष्य किती अंतर राखूं शकतो!

पावसाळ्यांत त्यांच्यापैकीं एकजण बँकेचा कागद भरून घेण्यासाठीं वर आला. लिहितां लिहितां मीं वर पाहिलें तों त्याची नजर भिंतीवर खिळलेली. ही केव्हांपासूनची, त्यानें विचारलें. आम्ही आलों तेव्हांपासूनची, मी म्हणालों. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग, खालीं कोणाला सांगितलें नाहींत मास्तरजी, एवढेंच म्हणाला. त्या बोलण्यांत राग असता तर मला उत्तर सुचलें असतें.

तो गांवाकडे गवंड्याच्या हाताखालीं राहिलेला होता. दुसऱ्या दिवशीं त्यानें कागदाची एक पट्टी खळीनें भेगेवर आडवी चिकटविली आणि तिच्यावर माझ्याकडून तारीख घालून घेतली. भिंत स्थिर असेल तर पट्टी तशीच राहील, हलत असेल तर फाटेल, असा त्याचा हिशेब. आठव्या दिवशीं पट्टी मधोमध फाटली.

ती घेऊन मी शेठकडे गेलों. त्यांनीं ती उलटसुलट पाहिली. "मास्तर, या भेगेचे पैसे तुम्हीं आधींच घेतलेत," ते म्हणाले. मला मान वर करवेना. ते दुष्ट नव्हते. सौदा झाला म्हणजे वस्तु घेणाऱ्याची, एवढाच त्यांचा सरळ व्यवहार. खालीं निजणारे आठ जण त्या सौद्यांत कोठेंच नव्हते. ते ना त्यांच्या बाजूला होते, ना माझ्या.

मीं पांचशें परत देऊं केले. ते त्यांनीं घेतले नाहींत, पण मी दोन्ही पट्ट्या, फाटलेली आणि नवी, घेऊन महानगरपालिकेंत अर्ज देणार असें म्हटल्यावर चार दिवसांनीं त्यांनीं एक अभियंता आणला. त्यानें शेडमध्यें लोखंडी टेकू लावविले, भिंतीकडचे तीन माग बंद केले, आणि ती मागची खोली रिकामी करविली. कामगार शेजारच्या शेडच्या माळ्यावर गेले. माळा कसा आहे तें मीं चढून पाहिलें. भिंती धड होत्या. वारा मात्र बेताचाच.

दिवाळीनंतर नवा करार झाला, पुन्हा अकरा महिन्यांचा. शेठनीं भाड्याच्या जागीं साडेसहा हजार घातले. मीं सही केली आणि खालीं उतरून त्या नव्या पट्टीवरची तारीख पुन्हा एकदां वाचली.